करपा एकच नसतो

प्रस्तावना

डहाणू तालुक्यातल्या रानशेतपासून तलासरीच्या हद्दीपर्यंत पसरलेल्या पाड्यांत भाद्रपदात शेतावर गेलात, तर एक प्रश्न हमखास कानावर येतो. बियाणे एकाच पिशवीतले, आवणी एकाच आठवड्यातली, युरियाही तेवढाच. मग वरच्या खाचरातल्या भाताला करपा लागला आणि खालचे खाचर हिरवेगार कसे राहिले? हाच प्रश्न कधी वर्षांच्या अंतराने येतो. जे वाण काही वर्षांपूर्वी करप्याला दाद देत नव्हते, ते यंदा कसे पडले? वनस्पतिरोगशास्त्र शिकलेला माणूस यावर ढगाळ हवा, रात्रीचा गारवा, पानावरची ओल, जास्तीचे नत्र, पाण्याचा ताण अशी कारणे सांगतो. ती सगळी खरी असतात. पण या यादीत एक कारण फार उशिरा येते आणि पुष्कळदा येतच नाही. दोन्ही खाचरांतली बुरशी एकच होती का, हे कोणी तपासले?

पुढची प्रकरणे या एका प्रश्नाभोवती लिहिलेली आहेत. भातावर करपा आणणारी बुरशी ही एकसारख्या जिवांची फौज नाही. तिच्यात असंख्य स्ट्रेन आहेत, आणि प्रत्येक स्ट्रेनची कुवत वेगळी आहे. एखादे वाण एका स्ट्रेनपुढे ताठ उभे राहते आणि दुसऱ्यापुढे आठ दिवसांत करपून जाते. म्हणून ‘हे वाण करप्याला प्रतिकारक आहे’ हे विधान मला नेहमी अर्धवट वाटते. कुठल्या करप्याला, कुठल्या गावात, कुठल्या साली, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही. या शास्त्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याने, कृषी सहायकाने आणि वाचायची आवड असलेल्या शेतकऱ्याने हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

आधी या बुरशीची ओळख करून घेऊ. तिचे शास्त्रीय नाव पिरिक्युलॅरिया ओरायझी. लैंगिक अवस्थेच्या नावावरून अनेक ग्रंथांत ती मॅग्नापोर्थे ओरायझी म्हणूनही भेटते. भाताच्या या दुखण्याचा उल्लेख चीनमध्ये १६३७ साली सोंग यिंगशिंग यांच्या ग्रंथात आलेला आहे. भारतात १९१३ च्या सुमारास तंजावरच्या त्रिभुज प्रदेशातून तिची नोंद झाली. २०१२ मध्ये जगभरच्या बुरशीशास्त्रज्ञांचा कौल घेऊन महत्त्वाच्या दहा रोगकारक बुरशींची यादी केली गेली, तेव्हा पहिले नाव हिचे होते. निम्म्या जगाचे पोट भातावर चालते, तेव्हा त्यात नवल नाही.

हिचे काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. बीजाणू पेरूच्या फळासारखा, तीन पेशींचा, डोळ्यांना न दिसणारा. ओल्या पानावर पडला की त्याच्या टोकातून चिकट द्रव सुटतो आणि तो पानाला घट्ट धरतो. दोन-चार तासांत त्याला कोंब फुटतो. कोंबाच्या टोकाशी घुमटाच्या आकाराची एक पेशी तयार होते. तिला अॅप्रेसोरियम म्हणतात. या पेशीच्या भिंतीवर मेलॅनिनचा काळा थर बसतो, आत ग्लिसरॉल साठते, बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि दाब चढत चढत वातावरणाच्या दाबाच्या ऐंशी पटींपर्यंत पोचतो. त्या दाबाने एक बारीक खुंटी पानाच्या कठीण त्वचेतून आत घुसते. मेलॅनिन नसेल तर दाब टिकत नाही आणि खुंटी घुसत नाही. ट्रायसायक्लॅझोल हे औषध नेमके इथेच काम करते, ते मेलॅनिन तयार होऊ देत नाही. म्हणूनच ते बुरशी पानात शिरण्याआधी फवारायचे असते. पान करपल्यावर त्याची फवारणी करून मग ‘औषधात दम नाही’ म्हणणे हा त्या औषधावर अन्याय आहे.

पानात शिरल्यावर पहिले तीन-चार दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. बुरशी जिवंत पेशींमधून शांतपणे पुढे सरकत असते. पाचव्या ते सातव्या दिवशी ठिपका उमटतो. तो दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असतो. अशा एका ठिपक्यातून दमट रात्री हजारो बीजाणू सुटतात आणि हे बरेच दिवस चालते. पानावरचा करपा पीक मागे ओढतो. लोंबीच्या मानेवर आलेला करपा मात्र घरात धान्य येऊ देत नाही. मान काळी पडते, लोंबी लटकते, दाणे भरत नाहीत आणि मळणीला नुसते पळींज हाती येते. कणसरीला धान्याची देवी मानणाऱ्या वारली घरांत भरलेल्या लोंबीचे मोल काय असते, हे इथल्या वाचकाला मी सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एकाच जातीच्या रोगकारक बुरशीत वेगवेगळ्या कुवतीचे गट असतात हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसले ते गव्हाच्या तांबेऱ्यावर. अमेरिकेतल्या मिनेसोटात एल्विन स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून हे गट वेगळे काढायला सुरुवात केली. पुढे १९४० च्या दशकात हॅरोल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना त्यामागचा नियम शोधला. झाडातल्या प्रतिकाराच्या प्रत्येक जीनला जोडीदार असा एक जीन बुरशीत असतो. दोघे समोरासमोर आले तरच झाड सावध होते.

हा नियम नव्या वाचकाला अवघड जातो, म्हणून थोडे थांबून सांगतो. शेताच्या माळ्यावर बसलेल्या राखणदाराला ठरावीक चोरांचे चेहरे पाठ आहेत असे समजा. ओळखीचा चेहरा दिसला की तो हाकाटी करतो आणि गाव जागे होते. प्रतिकाराचा जीन म्हणजे हा राखणदार, आणि बुरशी पेशीत सोडते ते एखादे प्रथिन म्हणजे चेहरा. बुरशीने ते प्रथिन बनवणे सोडले किंवा त्यात थोडासा बदल केला, तर राखणदार जागेवर असूनही हाकाटी होत नाही. वाण ‘पडते’ ते असे. वाणात काहीही बिघडलेले नसते. समोरची बुरशी बदललेली असते.

या बदलाचा फटका किती मोठा असू शकतो याचा दाखला दक्षिण कोरियातून मिळतो. १९७० च्या दशकात तिथे तोंगिल नावाच्या भरघोस वाणाने देशाला तांदळात स्वयंपूर्ण केले. सुरुवातीची काही वर्षे करपा त्याच्या वाटेला गेला नाही. एकच वाण मैलोन्‌मैल पेरले गेले आणि १९७८ मध्ये त्यावर चालणाऱ्या स्ट्रेननी ते झोडपून काढले. जपानमध्ये त्याआधी कुसाबुए या वाणाचे असेच झाले होते.

मग स्ट्रेन ओळखायचे कसे? त्यासाठी ‘कसोटी वाणे’ असतात. १९६७ मध्ये अमेरिका आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी मिळून आठ वाणांचा संच ठरवला. रामिनाद स्ट्रेन-३, झेनिथ, एन.पी.-१२५, उसेन, दुलार, कांतो-५१, शा-तिआओ-त्साओ आणि कॅलोरो ही ती आठ. यातले एन.पी.-१२५ हे आपल्या पुसाचे आणि दुलार पूर्व भारतातले, हे मुद्दाम नोंदवतो. जगाच्या या मोजपट्टीत भारतीय भाताचा वाटा आहे. शेतातून मिळवलेली बुरशी या आठही वाणांच्या रोपांवर सोडायची आणि कोणती करपतात, कोणती नाही, ते टिपायचे. त्या होय-नाहीच्या नमुन्यावरून तिची ‘रेस’ ठरते. आठ वाणे म्हणजे हिशोबाने २५६ नमुने शक्य आहेत. पुढे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांबरोबर याहून नेमका संच तयार केला. लिजियांगशिनतुआनहेइगु हे एक अतिशय नाजूक चिनी वाण घेऊन, त्यात प्रतिकाराचा एकेकच जीन घातलेल्या ओळी त्यांनी काढल्या. आता नुसती रेस न सांगता, ‘ही बुरशी अमुक जीनला चुकवते’ असे बोट ठेवून सांगता येते.

इथे एका जुन्या वादाबद्दल सांगितले पाहिजे. या शास्त्राचा स्वभाव त्यातून चांगला कळतो. फिलिपाइन्समध्ये लॉस बान्योस इथे एस. एच. ओउ हे मोठे रोगशास्त्रज्ञ काम करत. त्यांनी आणि अयाद यांनी १९६८ मध्ये दोन ठिपके घेतले आणि त्यांतल्या सुट्या सुट्या बीजाणूंपासून बुरशी वाढवली. एका ठिपक्यातल्या ५६ बीजाणूंमधून १४ रेस निघाल्या, दुसऱ्यातल्या ४४ मधून ८. त्यांचा निष्कर्ष असा, की ही बुरशी सतत आणि वेगाने बदलत असते. एका ठिपक्यातच सारी विविधता भरलेली असते. हे खरे असेल तर रेस मोजण्यालाच अर्थ उरत नाही. अमेरिकेत फ्रान्सेस लॅटरेल यांना हे मान्य नव्हते. त्यांच्याकडे अनेक वर्षे जपून ठेवलेल्या स्ट्रेन होत्या, आणि त्या वर्षानुवर्षे तशाच वागत होत्या. तापमान, रोपाचे वय, बीजाणूंची दाटी आणि ठिपक्याला गुण देणाऱ्याची नजर, यांतला फरक बुरशीच्या माथी मारला जातो आहे, असे त्या पक्षाचे म्हणणे होते.

हा वाद दोन दशके चालला. १९८९ मध्ये या बुरशीच्या डीएनएत वारंवार येणारा एमजीआर-५८६ नावाचा तुकडा सापडला आणि त्याच्या आधाराने प्रत्येक स्ट्रेनचा ठसा काढता येऊ लागला. अमेरिकेत साठवलेल्या जुन्या स्ट्रेनचे ठसे काढल्यावर त्या मोजक्या वंशांत नीट वाटल्या गेल्या. एकेक वंश म्हणजे एका पूर्वजाची, लैंगिक मिलनाशिवाय वाढलेली संतती. स्थैर्य मानणाऱ्यांचे पारडे जड झाले. माझे मत असे, की ओउंनी पाहिलेली विविधता सगळीच भासमान नव्हती. पण मोजमापाची शिस्त सैल असेल तर हा जीव आपल्याला हवे ते दाखवतो. प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याने हा वाद वाचूनच पुढे जावे.

ती शिस्त काय असते हे एका ठिपक्यापासून दाखवतो. कडेला हिरवा भाग राखून ठिपक्याचा चतकोर सेंटिमीटरचा तुकडा कापायचा. सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात काही सेकंद बुडवून स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवायचा. पेट्री डिशमध्ये ओल्या टीपकागदावर ठेवून रात्रभर झाकायचा. सकाळी ठिपक्याच्या मध्यावर राखाडी धुरकट लव उभी राहिलेली दिसते. ती लव म्हणजे बीजाणूंचे देठ. काचेच्या बारीक सुईने त्यांना हलकेच टेकवून सुई आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, फिरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकटा पडलेला बीजाणू शोधून तो तेवढ्या आगरच्या चकतीसह उचलायचा. याला एकबीजाणू संवर्धन म्हणतात. इथे आळस केला आणि दोन बीजाणू एकत्र गेले, तर पुढची सगळी मोजमापे दोन जिवांची सरासरी होतात आणि ती कोणाचीच नसते.

ओटच्या आगरवर ही बुरशी आठ-दहा दिवसांत बशी भरते. त्यातही तिचे रंग वेगळे दिसतात. कुठे पांढरी कापसासारखी, कुठे राखाडी, कुठे जवळजवळ काळी, कुठे गोल गोल कडी पडलेली. नव्या विद्यार्थ्याला या रंगांची भूल पडते. बशीतला रंग आणि शेतातली ताकद यांचा संबंध लागेलच असे नाही; प्रबंधांत मात्र रंगांची कोष्टके पानेच्या पाने व्यापतात. खरा निकाल रोपावर लागतो. कसोटी वाणांची तीन-चार पानांची रोपे, मिलिलिटरला लाखभर बीजाणू असलेले पाणी, फवारणीनंतर एक दिवस अंधार आणि संपूर्ण ओल, मग सातव्या दिवशी ठिपके मोजणे. आणखी एक काळजी घ्यावी लागते. आगरवर पुन्हा पुन्हा वाढवलेली बुरशी हळूहळू रोग करायचेच विसरते. म्हणून टीपकागदाच्या तुकड्यांवर वाढवून, वाळवून, ती शीतपेटीत उणे वीस अंशांवर ठेवतात.

आता या बुरशीच्या घराण्याकडे वळू. रानशेतसारख्या गावाला या विषयात स्वतःचे महत्त्व आहे, ते या घराण्यामुळे. इथे खाली खाचरात भात असतो आणि वर वरकस उतारावर नागली, वरई. नागलीवरही करपा येतो, पानावर तसाच ठिपका, कणसाच्या मानेवर तसाच काळेपणा. बुरशी त्याच जातीची. तरीही नागलीवरची स्ट्रेन सहसा भातावर चालत नाही आणि भातावरची नागलीवर. बांधावरच्या काही गवतांवर हिचीच भावंडे असतात. डिजिटेरिया गवतावरची बुरशी तर इतकी वेगळी निघाली, की २००२ मध्ये कूच आणि कोन या शास्त्रज्ञांनी ती निराळी जात म्हणून वेगळी काढली; पिरिक्युलॅरिया ग्रिसिया हे जुने नाव तिच्याकडे राहिले आणि भातावरची ओरायझी झाली. म्हणजे एका बांधाच्या दोन बाजूंना, हाकेच्या अंतरावर, एकाच घराण्याच्या वेगवेगळ्या शाखा नांदत असतात.

या शाखा फुटल्या कशा, याचे उत्तर पिकांच्या इतिहासात आहे. २००५ मध्ये कूच आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या यजमान झाडांवरच्या स्ट्रेनचे जीन ताडून पाहिले. त्यात भातावरच्या शाखेचे सर्वांत जवळचे नाते राळ्यावरच्या शाखेशी दिसले. माणसाने राळा आणि भात जवळजवळ पिकवायला सुरुवात केली, त्या काळात कधीतरी बुरशीने राळ्यावरून भातावर उडी घेतली असावी. नंतर भातावरच्या काही थोड्या वंशांनी जग व्यापले. आग्नेय आशियाच्या डोंगराळ पट्ट्यात या बुरशीत लैंगिक मिलनाच्या खुणा अजून सापडतात. इतरत्र बहुतेक वंश बिनलग्नाचेच वाढतात.

अशी उडी प्राचीन काळातच घडते असे समजू नये. १९८५ मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात हा रोग प्रथमच गव्हावर दिसला. तीस वर्षे तो दक्षिण अमेरिकेत राहिला आणि २०१६ मध्ये एकदम बांगलादेशाच्या आठ जिल्ह्यांत, सुमारे १५ हजार हेक्टर गव्हावर उमटला. हा तिथल्याच भातावरचा करपा गव्हावर गेला का, हा पहिला प्रश्न होता. जीनोम तपासल्यावर उत्तर मिळाले: नाही, हा दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरचाच वंश आहे. हे उत्तर काही आठवड्यांत मिळू शकले, कारण तुलनेसाठी जगभरच्या स्ट्रेन कोणीतरी आधी गोळा करून, नावगाव लिहून जपल्या होत्या. पुढच्याच वर्षी पश्चिम बंगालने सीमेलगतच्या भागात गव्हाची पेरणी थांबवली. स्ट्रेन ओळखण्याचे शास्त्र सरकारी निर्णयापर्यंत पोचते ते असे.

बुरशी बदलते कशी, याबद्दल पुढे एक पूर्ण प्रकरण आहे. इथे एकच गोष्ट सांगतो. तिचे जे जीन झाडाला ओळखू येतात, त्यांतले काही गुणसूत्राच्या अगदी टोकाशी असतात. एव्हीआर-पिटा हा त्यांतला प्रसिद्ध. टोकाचा भाग तुटणे, बदलणे सोपे. शिवाय या बुरशीच्या जीनोममध्ये जागा बदलत फिरणारे डीएनएचे तुकडे पुष्कळ आहेत. असा एखादा तुकडा एव्हीआर-पिटामध्ये येऊन बसला, की तो जीन निकामी होतो आणि पिटा जीन असलेले वाण उघडे पडते. २००५ मध्ये या बुरशीचा पहिला जीनोम प्रसिद्ध झाला: सात गुणसूत्रे, सुमारे चार कोटी अक्षरे, अकरा हजारांच्या आसपास जीन. तो ७०-१५ नावाच्या, प्रयोगशाळेत संकरातून काढलेल्या स्ट्रेनचा होता. चार वर्षांनी जपानी शास्त्रज्ञांनी इना-१६८ ही शेतातली स्ट्रेन वाचली, तेव्हा ७०-१५ मध्ये मुळीच नसलेला बराच डीएनए तिच्यात मिळाला आणि त्यातूनच झाडाला ओळखू येणारे नवे जीन हाती लागले. एका स्ट्रेनचा जीनोम म्हणजे त्या जातीचा जीनोम, हा समज तिथेच संपला.

महाराष्ट्रात या कामाला चांगली बैठक आहे. लोणावळ्याची थंड, धुक्याची, सततच्या पावसाची हवा करप्याला इतकी मानवते, की तिथल्या कृषी संशोधन केंद्रावर अखिल भारतीय भात प्रकल्पातली वाणे करप्याच्या परीक्षेला बसवतात. चाचणीच्या वाणाच्या छोट्या ओळी असतात आणि भोवती हमखास करपणाऱ्या वाणाचे कुंपण. कुंपण करपले, की आतल्या ओळींना शून्य ते नऊ गुण द्यायचे. शून्य म्हणजे डाग नाही, नऊ म्हणजे पान संपले. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कर्जत केंद्र भाताचेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. प्रतिकाराचे जीन शोधण्यातही भारतीय मागे नाहीत. तेतेप या व्हिएतनामी वाणातला पाय-५४ हा जीन तिलक राज शर्मा आणि सहकाऱ्यांनी वेगळा केला, आणि पाय-९ घातलेला पुसा बासमती १६३७ हा वाण २०१६ मध्ये आला.

लोणावळ्यात टिकलेले वाण रानशेतला टिकेलच, असे मात्र या विषयाचा कोणताही जाणकार छातीठोकपणे सांगणार नाही. लोणावळ्याच्या बुरशीने त्याची परीक्षा घेतलेली असते. डहाणूची बुरशी तिथे हजर नसते. इथे समुद्राकडचा दमटपणा आहे, सूर्या प्रकल्पाच्या कालव्याखाली काही गावांत उन्हाळी भातही होते, म्हणजे बुरशीला वर्षातून दोनदा यजमान मिळतो. एका खाचरात संकरित भात, पलीकडे घरच्या बियाण्याचे कोळपी किंवा डांगी, वर नागली. जवळच्या वाडा तालुक्यातल्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या नावाने पेरा वाढला तर एकाच वाणाचे सलग क्षेत्र वाढेल, आणि तोंगिलची कथा त्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे.

विविधतेला विविधतेनेच उत्तर देता येते, हे चीनच्या युन्नान प्रांतात हजारो शेतकऱ्यांनी दाखवले. करप्याला बळी पडणाऱ्या चिकट तांदळाच्या ओळी त्यांनी प्रतिकारक संकरित भाताच्या ओळींमध्ये लावल्या. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, नुसत्या चिकट भाताच्या तुलनेत मिश्र शेतातल्या त्या वाणावर करप्याची तीव्रता ९४ टक्क्यांनी कमी आणि उत्पादन ८९ टक्क्यांनी जास्त आढळले. कोणतेही नवे औषध नाही, नवा जीन नाही. एका वाणावर चालणारा बीजाणू शेजारच्या ओळीवर पडला की वाया जातो, एवढेच त्यामागचे तत्त्व. घरात दोन-तीन वाणे राखणाऱ्या डहाणू-तलासरीच्या शेतकऱ्याला यात परके काही वाटणार नाही. याच्या जोडीला डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीतले पहिले सूत्र आहे: तुसाची राख रोपवाटिकेच्या मातीत घालणे. राखेतली सिलिका पानाची त्वचा कणखर करते, आणि ते कणखरपण बुरशीची रेस विचारत नाही. नत्र हप्त्यांत देणे, हेही तसेच.

या विषयात आलेल्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो. त्याला लागणारी बहुतेक साधने साधी आहेत: दहा पट मोठे दाखवणारे भिंग, कात्री, टीपकागद, आणि एका ठिपक्यापाशी दहा मिनिटे बसायची तयारी. जीनोमची प्रकरणे अवघड वाटली तर आधी कसोटी वाणांचे प्रकरण वाचावे, मग मागे यावे. मिरचीवरचा फळकुजव्या किंवा आंब्यावरचा करपा हा ज्यांचा विषय आहे, त्यांनाही इथली पद्धत उपयोगी पडेल. तिथे बुरशी कोलेटोट्रायकम, पण प्रश्न हाच.

आणि एक विनंती. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार इथल्या शाळांतले शिक्षक, कृषी सहायक आणि महाविद्यालयीन मुले यांनी करप्याची पाने गोळा करावीत. करपलेले पान कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घातले तर ते दोन दिवसांत कुजते. सावलीत वाळवा. भाताचे, नागलीचे आणि बांधावरच्या गवताचे पाकीट वेगळे ठेवा, एका शेतातली असली तरीही. पाकिटावर गाव, पाडा, तारीख, आवणी केव्हा झाली, युरिया किती दिला आणि कोणते औषध मारले ते लिहा. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. तिथे किंवा कर्जतला ती पाकिटे दाखवा. वाणाचे नाव विसरू नका. छापील नाव ठाऊक नसेल तर त्या घरची आजी त्या भाताला ज्या नावाने हाक मारते, ते नाव लिहा.